दिवसा गोष्ट सांगू नये

शकीबनं जातं उचलून डावीकडं सरकवलं, लांब जाऊन डोळे बारीक करून पाहिलं आणि पुन्हा उजवीकडं आणलं. जात्याचा खुंटा कधीच मोडला होता. कित्येक वर्षांत त्यावर दाणा पडला नव्हता, नुसत्या कोंबड्या बसत. आज ते धुऊनपुसून अंगणाच्या मधोमध आलं होतं, कारण कॅमेऱ्यातून छान दिसत होतं.

"आता अम्तींना बसव," तो नुआराला म्हणाला. "आणि दागिने घाल. सगळे."

दागिने अल्जियर्सहून भाड्यानं आणलेले होते. चांदीचे, निळ्याहिरव्या मिन्याचे, नवरीनं घालावेत असे. नुआराच्या आत्यानं, अम्ती जूहरनं, जन्मात असलं काही अंगाला लावलं नव्हतं. तिचं लग्नच झालं नव्हतं. नुआरा ते ओझं तिच्या गळ्यात अडकवत होती आणि शेळीनं दावं बांधून घ्यावं तशी अम्ती मान पुढं करून गप्प उभी होती. नुआराला शिसारी आली. शकीबची आलीच, पण त्याहून जास्त स्वतःची, कारण त्याला या अंगणात आणणारी तीच होती.

तीन वर्षं ती शकीबच्या हाताखाली मालिका लिहीत होती. रमजानात रोजा सुटल्यावर घरोघरी लोक सूप पीत पाहतात त्या मालिका. प्रत्येकीत एक मुलगी घर सोडे, डोंगरदऱ्या तुडवे, राक्षसाशी नाहीतर सावत्र आईशी झुंजे आणि शेवटच्या भागात घरी येऊन नवरी होऊन बसे. शकीब हे कुठल्याशा शिबिरात शिकून आला होता.

"घर सुटतं, परीक्षा होते, मुलगी अंधारात उतरते, वर येते, परत फिरते. आणि शेवटी दार उघडतं. जगात कुठंही जा, नायिकेचा प्रवास हाच," असं तो कागदावर वर्तुळ काढून सांगे, जणू ते वर्तुळ त्याच्याच आजोबांनी आखलं होतं. लिहायचं नुआरानं आणि नाव लागायचं शकीबचं. या खेपेला मात्र त्यानं शब्द दिला होता: तुझ्या डोंगरातली अस्सल गोष्ट तुझ्या आत्याच्या तोंडून मिळवून दे, पडद्यावर लेखिका म्हणून तुझं एकटीचं नाव येईल. नुआराला ते नाव हवं होतं. खोटं कशाला बोला, फार हवं होतं.

अम्तीकडं गोष्टींना तोटा नव्हता. अडचण एवढीच, की या डोंगरात गोष्ट दिवसा सांगत नाहीत. सूर्य बुडावा, चूल पेटावी, 'माशाहू' असा पुकारा व्हावा, पोरांनी ओ द्यावी आणि मग गोष्ट सुरू व्हावी. दिवसा सांगेल त्याचे केस गळतात. लहानपणी नुआरानं एकदा भर दुपारी शाळेत मैत्रिणीला गोष्ट सांगितली होती आणि पुढं कितीतरी दिवस ती उठल्याउठल्या डोकं चाचपून पाहत होती. शकीब मूळचा इकडचाच, पण वाढला राजधानीत. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला उजेड हवा होता आणि रस्त्यावरच्या चौक्यांमुळं अंधाराच्या आत परतायचं होतं. गेल्या शुक्रवारी नुआरा भीतभीतच अम्तीला विचारायला आली होती.

"दिवसा?" अम्ती म्हणाली होती, आणि तिनं शेळीच्या पायातला काटा आधी काढून टाकला होता. "येऊ देत त्यांना. दिवसा सांगण्यासारखंही आहे माझ्याकडं."

"आणि हे आपले दादा अर्झकी, ते इथं," शकीब म्हणाला.

नुआराचे बाबा पांढरा लोकरी झगा घालून, छातीवर लढाईचं पदक लावून तयारच होते. फ्रेंचांशी लढलेले, डोंगरात दोन हिवाळे काढलेले. शाळेकडं जाणाऱ्या गल्लीला त्यांचं नाव होतं. शकीबनं त्यांचं स्टूल घराच्या पुढच्या दारात, नेमकं उंबऱ्यावर मांडलं.

"मागं वीर भाऊ, पुढं गोष्ट सांगणारी बहीण. याला म्हणतात चित्र!"

बाबा खूश झाले. त्यांनी न पाहताच रिकामा कप बाजूला धरला. नुआरानं किटलीतून कॉफी ओतली. या घरात बाबांनी कप धरायचा आणि जी कुणी बाई जवळ असेल तिनं तो भरायचा, यात कुणाला काही वाटत नसे. नुआरालाही आजवर वाटलं नव्हतं.

कॅमेरावाल्यानं मान हलवली. अम्ती जात्यापाशी बसली आणि पुकारा न करताच बोलायला लागली. केसांच्या भीतीनं गाळला असेल, असं नुआराला वाटलं.

"एक मुलगी होती. चौदा वर्षांची. केस कमरेखाली. तिचा भाऊ डोंगरात लपला होता, कारण खाली दरीत राक्षस आले होते. आई भाकरी भाजायची. मुलगी ती पोटाशी बांधायची, ओढा ओलांडून वर जायची, भावाला खाऊ घालून यायची. भाऊ म्हणायचा, बहीण असावी तर अशी."

बाबांनी कॉफीचा घोट घेतला आणि कौतुकानं मान डोलावली.

"एकदा राक्षसांनी तिला ओढ्यात धरलं. लोखंडी दारांच्या घरात नेलं. भाकरी कुणाला नेत होतीस? भाऊ कुठं आहे तुझा? ती म्हणाली, मला भाऊ नाही. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. मला भाऊ नाही. त्यांनी तिचे केस भादरले. मला भाऊ नाही. पुढं काय काय केलं ते मी सांगत नाही, इथं पुरुषमाणसं बसलीत. सगळा हिवाळा ती तेच म्हणत राहिली. म्हणून म्हणून तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं."

"अंधारात उतरली!" शकीब नुआराच्या कानाशी कुजबुजला आणि त्यानं बोटानं हवेत अर्धं वर्तुळ काढलं. त्याच्या तोंडाला नाश्त्याच्या तळलेल्या स्फेंजच्या तेलाचा वास येत होता. नुआरा बाजूला सरकली.

"मग बर्फ वितळलं. राक्षस चंबूगबाळं आवरून निघून गेले. मुलगी चालत घरी निघाली. पायात काही नाही, डोक्यावर काही नाही. गावात शिरतानाच तिला बायकांचा आनंदाचा कल्ला ऐकू आला. तिला वाटलं, माझ्याचसाठी गं हा. पण तिचा भाऊ परत आला होता, कल्ला त्याच्यासाठी होता. ती दाराशी गेली. जाड फळ्यांचं दार. खालची फळी राक्षसांनी बंदुकीच्या दस्त्यानं फोडलेली."

नुआराची नजर बाबांच्या पायांमागं गेली. दाराची खालची फळी फुटलेली होती आणि तिच्यावर पत्र्याचा तुकडा ठोकलेला होता. लहानपणी ती त्या पत्र्याखाली बोटं घालून बसे. खेचरानं लाथ मारली होती, असं बाबांनी सांगितलं होतं.

बाबांचा कप गुडघ्यावर स्थिर होता.

"तिनं कडी वाजवली. भावानं बोटभर दार उघडलं. तिचं डोकं पाहिलं. आत सगळं गाव बसलं होतं. कुणीतरी विचारलं, कोण आहे रे? लोखंडी घरातून आलेली पोर म्हणजे काय ते गावाला कळत होतं. भावाला तर कळतच होतं. तो तिच्याकडं बघत म्हणाला, माहीत नाही. मला बहीण नाही. आणि त्यानं कडी लावली."



"आईनं तिला मागच्या बाजूनं खालच्या गोठ्यात घेतलं. बैल लढाईत गेला होता, जागा मोकळी होती." अम्तीनं झग्यावरचा तुसाचा कण झटकला. "झालं. एवढंच."

शेवटचा पुकाराही तिनं केला नाही. तिचे केस रुमालाखाली जाड, पांढरे आणि जिथल्या तिथं होते.

 अम्ती खालच्या खोलीत राहते, कारण तिला शेळ्यांची सवय. अम्ती पुढच्या दारानं येत नाही, कारण तिचे गुडघे दुखतात, पायऱ्या चढवत नाहीत. हे सगळं नुआराला लहानपणापासून पाठ होतं. दर हिवाळ्यात हीच अम्ती ऑलिव्हच्या झाडांवर चढून फळं पाडायची, आणि नुआरा खाली चादर धरून उभी राहायची. ईदला अम्तीचं ताट खाली नेऊन द्यायचं काम नुआराचं. ती ते उड्या मारत करायची. शाळेत तिनं 'माझे वीर वडील' असा निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं, आणि तो निबंध बाबांनी काच लावून भिंतीवर टांगला होता. 

शकीबनं टाळ्या वाजवल्या.

"अम्ती, तुमच्या तोंडात साखर पडो! मला भाऊ नाही, मला बहीण नाही! असं एक वाक्य आमच्या शहरातल्या दहा लेखकांना सुचायचं नाही. फक्त तेवढा शेवट, बरं का. लोक रोजा सोडून, पोटभर जेवून बसलेले असतात. त्यांच्या घशाखाली हे उतरायचं नाही. मुलगी परत आली म्हणजे दार उघडायला हवं. भाऊ रडतो, तिला पोटाशी धरतो, तिच्या डोक्यावर आपला झगा घालतो. तेवढं एकदा सांगा, की निघालो आम्ही."

तो दाराकडं वळला. "काय, दादा अर्झकी? बरोबर ना?"

बाबांनी घसा खाकरला. पदकावर हात फिरवला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तसंच सांग, जूहर. तेच बरं दिसतं."

लाज म्हणून काही असते, असं नुआरा आजवर समजत होती. चोर तो चोर, वर शिरजोर. आणि त्याला शेवटही गोड हवा होता.

अम्तीनं मात्र शांतपणे मान हलवली. "सांगते की. पण आत्ता नाही. सूर्य बुडाल्यावर."

"का बरं?"

"ती गोष्ट आहे ना," अम्ती म्हणाली. "दिवसा गोष्ट सांगितली तर केस गळतात."

शकीब हसला. "अहो, मग इतका वेळ काय सांगत होता?"

 अम्तीनं एकेक करून दागिने काढले आणि जात्यावर ठेवले. बाबा खाली पाहत होते. मग जुन्या सवयीनं त्यांचा हात बाजूला आला, रिकाम्या कपासकट. किटली नुआराच्याच हातात होती. तिनं ती जमिनीवर ठेवून दिली.

"नुआरा, समजाव ना यांना," शकीब चिडून म्हणाला. "पडद्यावर नाव हवंय की नको तुला?"

"नको. काढून टाक," नुआरा म्हणाली.  ती चालत दारापाशी गेली.

"उठा, बाबा. दार अडवलंय तुम्ही."

"म्हणजे?"

"अम्तीला आत यायचं असेल. उठा."

बाबांनी तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेला सारं घर भीत असे, पण आज ती फार वेळ टिकली नाही. ते उठले. पायात झगा अडकला, स्टूल कलंडलं. त्यांनी एका हातानं दार आत ढकललं आणि ते सताड उघडं धरून उभे राहिले.  त्यांचे डोळे खरोखरच ओले होते.

"घे, घे!" शकीब दबक्या आवाजात कॅमेरावाल्यावर खेकसला. "दार उघडलं! सोडू नकोस!"

नुआरानं जाऊन कॅमेऱ्याच्या भिंगावर सरळ पंजा ठेवला.

अम्ती उठून उभी राहिली. उघड्या दाराकडं, आतल्या गालिच्याकडं, भिंतीवरच्या काचेतल्या निबंधाकडं तिनं थोडा वेळ पाहिलं. बाजारात न घ्यायची वस्तू बायका पाहतात तसं.

"मला काय करायचंय आत?" ती म्हणाली. "शेळ्या सोडायच्यात अजून."

आणि ती घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. नुआराही तिच्या पाठोपाठ गेली. बाबा दार धरून तसेच उभे होते.