पोळ्याच्या दिवशीची ऑस्टिन

सौंसरला जुन्या मोटारींच्या मालकांचं एक मंडळ होतं. सभासद तीन. त्यातली सर्वांत लहान गाडी मोरेश्वर मास्तरांची, १९३७ सालची बेबी ऑस्टिन. विलायतेला परतणाऱ्या एका जंगलसाहेबाकडून ती त्यांच्या वडिलांनी घेतली होती. मागच्या सीटवर साहेबाच्या कुत्र्याच्या नखांचे ओरखडे होते; मास्तर ते पाहुण्यांना वारसा म्हणून दाखवत.

मंडळाचा नियम एकच. वर्षातून एकदा जामसांवलीच्या मारुतीपुढे गाडी चालत आली पाहिजे. तीन वर्षं आली नाही की नाव कटलं. मास्तरांची दोन वर्षं हुकली होती, एकदा मेहुणीच्या लग्नामुळे, एकदा तापामुळे. मेहुणीचं लग्न खरं होतं. पत्नी उषाबाईंनी सांगून ठेवलं होतं की यंदा नाव कटलं तर गाडी भंगारात जाईल आणि पडवीत गोवऱ्या रचल्या जातील.

१९८६ च्या मेळाव्यासाठी अध्यक्ष भैय्याजींनी पोळ्याचा दिवस सुचवला. भैय्याजी संत्र्यांचे व्यापारी, गाडी मॉरिस. त्या दिवशी सुटी असते, शिवाय रस्त्यावर एकही बैलगाडी नसते, असं त्यांचं म्हणणं. लोधीखेड्याच्या हेमंत ओव्हरसियरनं अनुमोदन दिलं. मास्तरांनीही मान डोलावली.

ऑस्टिनचं इंजिन आवाज करी; गाडी ओढायचं काम त्यानं सात वर्षांपूर्वीच सोडलं होतं. मास्तरांचा बेत नेहमीचाच होता. गडी रामाजीच्या बैलांनी देवळाच्या वळणापर्यंत ओढायचं, तिथं दोर सोडायचा आणि उतारावरून घरघरत मारुतीपुढे उभं राहायचं. आदल्या संध्याकाळी ते सांगायला गेले, तेव्हा रामाजी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत होता.

"उद्याचं जमत नाही, मास्तर," तो म्हणाला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं आत्ताच म्हटलं बैलायले. जेवाले बोलावलेल्या पाव्हण्याच्या मानेवर जू ठेवू का?"

मास्तर वीस वर्षं वर्गाकडून पोळ्यावर निबंध लिहून घेत होते. त्या दिवशी बैल जुंपत नाहीत, हे वाक्य नसलं की ते दोन गुण कापत.

रामाजीला त्यांचा चेहरा पाहवला नाही. "सुटी बैलायची हाय," तो म्हणाला. "माही कुठं हाय?"

सकाळी रामाजी मागून ढकलू लागला आणि मास्तर खांद्यावर दोर घेऊन पुढे झाले. हँडलवर कोणी नव्हतं, म्हणून उषाबाई बसल्या. पहिला मैल त्या फुगून होत्या. दुसऱ्या मैलावर त्यांनी एका म्हशीला हॉर्न दिला. तिसऱ्यावर, अहो जरा डावीकडून चाला, असं मास्तरांना सांगितलं.

देवळाच्या वळणावर मॉरिस उभी होती. तिच्या पुढे दोर आणि दोराला अध्यक्ष. मागून हेमंतची फियाट आली, हेमंत आणि त्याचे सासरे ओढत होते.

भैय्याजींनी कपाळ पुसलं. "मास्तर, तुमच्या गड्यानंही आवतन देऊन टाकलं का?"

यापुढे त्या विषयावर चर्चा झाली नाही. मारुतीसमोर दोन ठराव एकमतानं झाले. चाकं फिरत आली म्हणजे गाडी चालत आली, हा पहिला. मेळावा पोळ्याला घेऊ नये, हा दुसरा. कारण लिहायचं राहून गेलं.

संध्याकाळी मास्तरांची मान वळेना. भंगारवाल्याला काय सांगायचं, असं त्यांनी समोर बघतच विचारलं.

"येऊ नको म्हणा त्याले. माहा हात बसून राहिला आता हँडलवर," उषाबाई म्हणाल्या. मग वाटीत हळद-लोणी कालवून त्या मास्तरांचे खांदे चोळू लागल्या. "आज आवतन घ्या. उद्या लोधीखेड्याले जेवाले जाऊ, माह्या बहिणीकडे. गाडीनं."