ब्रेक दाबलेला

"पूस म्हटलं ना! संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. तो इंजिनाचा पिवळा दिवा दिसला तर दारातूनच पळेल," मालक खेकसले.

मिस्त्रीने स्कॅनरची वायर स्टीअरिंगखाली खोचली. गॅरेज मालकांचं, गाडीही त्यांचीच. ती चालवायचा मिस्त्रीचा थोरला भाऊ. हीच गाडी घेऊन तो पुलाच्या कठड्यावर आदळला आणि गेला. गाडीला नवं तोंड बसलं, रंगही चढला. ड्रायव्हरला डुलकी लागली, असं मालकांनी सगळीकडे सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मेलेल्या माणसाला झोपाळू ठरवायला काय लागतं? तो उठून भांडत नाही. त्याची बायको तेवढी अडून बसली होती. मिस्त्री घरी गेला की तिचा एकच प्रश्न, "भावजी, ते झोपले होते का हो?"

स्कॅनरच्या पडद्यावर बिघाडाचा कोड उमटला. क्रँक सेन्सर. हा बोटभर तुकडा दगा देतो तेव्हा चालतं इंजिन जागच्या जागी मरतं. कोडसोबत त्या क्षणाची नोंदही राहते. वेग चौऱ्याऐंशी. इंजिनाचे फेरे शून्य. ब्रेक मोकळा.

"मालक, इंजिन पळत्या गाडीत बंद पडलंय."

"मग? तो झोपला असतानाही पडू शकतं."

"दादा तुम्हाला सांगून थकला, गाडी मध्येच दम सोडते म्हणून."

"ड्रायव्हर रोज काहीतरी रडतातच. त्यांचं ऐकत बसलो तर धंदा कधी करू?"

धंद्याची रीत अशी, की कोड आधी पुसायचा. परत आला तरच बिघाड खरा. मिस्त्रीने पुसला. चावी फिरवली. इंजिन सुरू केलंच नाही, तरी कोड परत आला.

वेग एकाहत्तर. ब्रेक दाबलेला.

मिस्त्रीने खाली वाकून पाहिलं. गाडी लोखंडी घोड्यांवर उभी होती, चारही चाकं काढून भिंतीला टेकवलेली.

"तुझं यंत्र बोंबललंय," म्हणत मालकांनी स्कॅनर हिसकावला आणि स्वतः कोड पुसला.

वेग बावन्न. ब्रेक दाबलेला.

मागची भिंत लाल झाली होती. ब्रेकचे दिवे जळत होते. ड्रायव्हरची सीट रिकामी, आणि ब्रेकचं पेडल खाली दबलेलं. मिस्त्रीने ते हाताने वर ओढून पाहिलं. तसूभर हललं नाही.

मालकांचा चेहरा पडला, पण अंगठा थांबला नाही. असली माणसं भुताला भीत नाहीत, पुराव्याला भितात. त्यांनी पुन्हा पुसलं.

वेग चौतीस. ब्रेक दाबलेला.

पुन्हा बटणाकडे गेलेलं त्यांचं मनगट मिस्त्रीने धरलं. "बस. आता हात लावायचा नाही."

"नोकरी नकोय का तुला?"

"नको."

त्याने एका हाताने स्कॅनर काढून घेतला, दुसऱ्याने वहिनीला फोन लावला. वहिनी कामावरून तशीच धावत आली. पडद्यावरची ओळ तिने दोनदा वाचली.

"दाबलेला म्हणजे काय, भावजी?"

"म्हणजे पाय होता त्यावर. इंजिन मेलं की ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, वहिनी. दादा उभा राहिला असेल त्याच्यावर. झोपलेल्या माणसाचं काम नाही ते."

वहिनी रडली नाही. तिने मालकांकडे पाहिलं. "ऐकलंत ना? आता सगळ्यांना सांगा."

मालक खिशातला रुमाल शोधत राहिले. "अहो, पण... आधी ते पुसून टाका. दिवा तरी जाऊ दे."

"प्रत्येक पुसण्याला गाडी कठड्याच्या जवळ जातेय. पुढचा जो आकडा येईल," मिस्त्री म्हणाला, "तो मला बघायचा नाही."

वहिनी गाडीला वळसा घालून पलीकडे गेली. दार उघडलं, ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटच्या शेजारी बसली आणि तिने बेल्ट लावून घेतला.