नऊ पिशव्या

"काका, तुमचा स्क्रीन हिरवा झाला म्हणून पिशवी वर आली, पण पिशवीवर 'बी' लिहिलंय आणि माझा पेशंट 'ओ'चा आहे!" वॉर्डातल्या सिस्टर फोनवर जवळजवळ ओरडल्याच.

"लावली नाहीत ना?"

"लावली असती तर तुमच्याशी बोलत बसले असते का?"

रक्तपेढीच्या कॉम्प्युटरवाल्या काकांनी फोन ठेवला आणि कीबोर्ड पुढे ओढला. पेशंटचा आणि पिशवीचा रक्तगट जुळला तरच स्क्रीन हिरवा व्हायचा. हा प्रोग्रॅम वीस वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिला होता. त्याने कधी दगा दिला नव्हता. काल दुपारी काकांनी तो सुधारला, तोवर.

पूर्वी डेटाबेसमधून आलेली ओळ म्हणजे नुसती खणांची रांग असायची. तिसऱ्या खणात पेशंटचा गट, सातव्यात पिशवीचा. मध्ये एखादा खण वाढला की सगळं सरकायचं. निवृत्त होण्याआधी आपल्यामागून येणाऱ्यांचा हा ताप मिटवावा, म्हणून काकांनी प्रत्येक खण नावाने मागवायला सुरुवात केली. आता मोजत बसायला नको.

त्यांनी एक ओळ उघडून पाहिली. 'रक्तगट' हे नाव एकदाच होतं. पेशंटच्या तक्त्यातही खणाचं नाव तेच, पिशवीच्या तक्त्यातही तेच. आणि एका नावाचा खण एकच राहतो. मागून आलेल्याने आधीच्याला बाहेर काढलं होतं. कालपासून पिशवीचा गट पिशवीच्याच गटाशी ताडून पाहिला जात होता. न जुळून जातो कुठे!

काका शेजारच्या टेबलाकडे वळले. "ताई, प्रोग्रॅम बंद केलाय. आता डोळ्यांनीच तपासा. कालपासून किती गेल्या?"

तंत्रज्ञ ताईंनी रजिस्टरवरून बोट फिरवलं. "नऊ. त्यातली एक ही."

उरल्या आठ. ताई फोन लावत गेल्या, काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "जुळतंय." "जुळतंय." "हो हो, बाई बसून चहा पितायत." सात झाले. आठवा फोन नुसताच वाजत राहिला.

"कामात असतील काका. बसा, पुन्हा लावते."

"तोवर रक्त थांबणार आहे का, ताई?"

लिफ्टची वाट न पाहता काका तीन मजले चढले. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारा डोळे मिटून पडला होता. पिशवी निम्मी संपली होती. काकांनी चष्मा कपाळावर सारला आणि पिशवीला नाक लावून वाचलं: 'ए'. मग खाटेच्या पायथ्याशी लावलेला पेशंटचा कागद. 'ए'. पुन्हा पिशवी. पुन्हा कागद.

मागून या वॉर्डातल्या सिस्टर धावत आल्या. "खाली काय झालं? सर्व्हर बिघडला म्हणे?"

"सर्व्हर नाही. माझी चूक झाली. मोठ्या डॉक्टरांना मीच सांगतो."

नळीतले थेंब एकेक करून पडत होते. काकांना पाय उचलवेना.

"तुम्ही यांचे कोण?" खाटेजवळच्या बाकावरून म्हाताऱ्याच्या बायकोने विचारलं.

"कोणी नाही, आजी."

आजींनी त्यांच्या घामेजल्या सदऱ्याकडे पाहिलं आणि आपली कापडी पिशवी उचलून बाकावर जागा केली. काका बसले. शेवटचा थेंब पडेपर्यंत दोघंही वर बघत होती.