पळस्प्याच्या ट्रॅफिकमधून धवलारीण

हळदीला पहिला धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, जिच्या तोंडून निघतो, ती त्या लग्नाची धवलारीण. देवांना मांडवात बोलवायचं ते तिनंच, बाकीच्या बायांनी तिच्यामागून सूर ओढायचा. एकीनं धवला उचलला की तो संपेपर्यंत दुसरीनं मध्ये तोंड घालायचं नाही. कोन गावापासून शिरढोणपर्यंत हा मान माझा. ठमाबाईलाही धवले येतात म्हणे. येत असतील. कावळ्यालाही गळा असतो.

शिरढोणच्या भगवानच्या मुलीची, समृद्धीची हळद होती. निघायच्या वेळी रिक्षावाला म्हणाला, "पळस्प्याला सगळं जाम हाय, मी नाय येत." लेक माझा कामावर. राहिली सून, कोमल, आणि लेकाची मोटारसायकल.

"आई, बसा मागं. पण हेल्मेट घाला."

"माझ्या अंबाड्यात अख्खी वेणी माळलीय, गो!"

"वेणी दुसरी मिळंल."

आजकालच्या सुना एवढंसंच बोलतात, पण लागेल असं बोलतात. मी हेल्मेट घातलं. बसले मात्र एका अंगाला, घरंदाज बाई बसते तशी, दोन्ही पाय डावीकडे सोडून.

पळस्प्याला द्रोणागिरीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर एकामागे एक उभे होते, त्यांच्या बाजूला मोटारींची रांग. कोमलनं मधल्या फटीत गाडी घातली, चालत्या माणसाच्या वेगानं.

"आई, गुडघे आत घ्या."

"गुडघे हायेत ते, कपाटाची दारं नायत!"

एवढ्यात खटकन् आवाज झाला. एका पांढऱ्या मोटारीचा आरसा माझ्या गुडघ्यानं दुमडला होता. आतल्या माणसानं काच खाली केली.

"अहो आजी, आरसा गेला ना माझा!"

"गेला कुठं? हाय की तिथंच. माझ्या गुडघ्याचं विचारलंस का?"

कोमलनं गाडी थांबवली, हात लांबवून आरसा सरळ केला, म्हणाली, "सॉरी दादा, चुकलं आमचं." तो माणूस एकदम मवाळ झाला, मोटार थोडी बाजूला सरकवलीन. गुडघा माझा, आणि माफी हिनं मागितली! मला न विचारता!

पुढे दोन कंटेनरच्या मधे चांगली ऐसपैस वाट दिसली.

"घाल गो मधून! बघतेस काय?"

"नाय."

"का नाय?"

"त्याच्या आरशात बघा. ड्रायव्हरचं तोंड दिसतंय?"

"मला काय त्याच्याशी सोयरीक करायचीय?"

"आपल्याला त्याचं तोंड दिसत नाय, म्हंजे त्याला आपण दिसत नाय. थांबायचं."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात डावीकडचा कंटेनर हलला. पुढचं तोंड वळलं आणि मागचं धूड आमच्या वाटेत आलं. जिथं मी घाल म्हणत होते, तिथं परातही उभी शिरली नसती. मी सुनेचं ऐकून गुडघे आत घेतले. आमच्या घरात हे क्वचितच होतं, त्यामुळे कोमलनं मागे वळून बघितलं.

"आई, ऐका आता. गाड्या उभ्या असल्या तरच मधून जायचं, त्या हलल्या की रांगेत. आणि जागा मागायची ती आपल्या अंगापुरती. तुमच्या पायांनी आपली बैलगाडी झालीय. दोन्हीकडं पाय टाकून बसा, नायतर मी इथंच रांगेत थांबते."

"भर रस्त्यात? पुरुषासारखी?"

तेवढ्यात फोन वाजला. भगवानची बायको आशालता. "मावशे, कुठं हायस? ठमाबाई पाटाजवळ येऊन बसलीय. घसा पण खाकरलान तिनं! मुहूर्ताला तू नसलीस तर तीच उचलणार."

मी खाली उतरले. आमचं लुगडं कासोट्याचं, गुडघ्यापर्यंत. याच लुगड्यात मी चिखलात लावणी केलीय, खाडीत उतरून निवट्या धरल्यात. मोटारसायकलची काय कथा? पाय टाकला. एका ट्रकवाल्यानं वरून टाळी वाजवली, त्याला असं बघितलं की त्यानं काचच वर केली.

मग मात्र फट आम्हाला पुरायला लागली. मला यातलं कळायला वेळ लागला नाही, पंगतीतून वाढत जायचं तसंच हे. कुणाच्या पानाला पाय लावायचा नाही, घाई दाखवायची नाही, बसलेल्याला आधी सांगायचं. कोमल गाडी बघायची, मी माणसं. "सरक रं बाबा थोडा." "पानवाल्या, थुंकशील तर बघ!" "दार उघडू नको गो बाय, आमी येताव." जागा देणाऱ्याला मी हात वर करून आशीर्वादही दिले. पोटापाण्याला कमी पडणार नाही त्या लोकांना.

ठरवलं होतं, गल्लीच्या तोंडाशी उतरायचं आणि पदर सारखा करून चालत मांडवात शिरायचं. पण उतरायला गेले तर उजवा पाय वर येईना. कंबर धरलेली.

"कोमल, पाय हलत नाय गो."

"मग?"

मांडवातून वाजंत्री थांबल्याचं ऐकू आलं. वाजंत्री थांबते ती पहिल्या धवल्यासाठीच.

"मग काय? घाल आत!"

बाया किंचाळत बाजूला झाल्या, आणि मी मांडवात पोचले ती मोटारसायकलवरून, दोन्हीकडं पाय टाकून, डोक्यावर हेल्मेट. पाटावर समृद्धी हळदीची वाट बघत बसलेली. ठमाबाईनं श्वास भरून घेतला होता. तिचं तोंड उघडलं, पण त्यातून काही निघायच्या आत मी बसल्या जागेवरून गावदेवीला हाक घातली. कोमलनं इंजिन बंद केलं आणि माझ्या तोंडावरची काच वर सरकवली.

"आगो, आधी उतर तरी!" ठमाबाई ओरडली.

धवला चालू होता. मी उत्तर कसं देणार?

आशालतानं हळदीची वाटी उचलली. बाया सूर ओढायला लागल्या. मग ठमाबाईनंही सूर धरला. बरा होता, खोटं का बोलू. मी एकेक देव नीट बोलवून घेतला, एकालाही घाई केली नाही. संपलं तेव्हा मला उतरवायला चौघी लागल्या. त्यातला डावा खांदा ठमाबाईचा.