डेल्फाच्या घरी मरियामाता

गिमारास बेटावरच्या त्या कोळीवाड्यात मरियामातेला स्वतःचं घर नव्हतं. दर रविवारी दुपारी बायका तिचा पुतळा नव्या घरी पोचवायच्या, रोझरी म्हणायच्या आणि पोटभर खाऊन जायच्या. जेवणाआधी यजमानिणीने मातेच्या झग्याला हात लावून आपलं मागणं मोठ्याने मागायचं, अशी रीत होती. झगा धरून खोटं बोललं तर काय होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं, कारण कुणी करून पाहिलं नव्हतं.

डेल्फाने आपला नंबर वर्षभर टोलवला. कधी डुकरीण आजारी, कधी छप्पर गळकं, एकदा तर तिने स्वतःला गालगुंड करून घेतलं. दुसऱ्यांच्या घरी मात्र ती न चुकता सांगायची, "माझा पिडिंग जहाजावर आहे, समुद्र शांत राहू दे." मग सगळ्या बायका मनापासून समुद्र शांत करत बसायच्या.

खरं तर तिचा नवरा पिडिंग पलीकडच्या गावातल्या तुरुंगात होता. त्याने झुंजीचा कोंबडा चोरला होता. खून केला असता तर निदान दबदबा तरी राहिला असता, असं डेल्फाला वाटे. कोंबडाचोराची बायको म्हणून इथे तोंड दाखवायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

या वेळी रोझरीच्या पुढारीण नांग तासिंग यांनी (वयाने थोर बाईला तिथे नांग म्हणत) आदल्या दिवशीच बजावलं, "उद्या माता तुझ्याकडे. डुक्कर मेलं तरी."

रविवारी मातेला टीव्हीवर बसवलं. शेजारी पिडिंगचा फोटो होता, स्टुडिओतली कप्तानाची टोपी घातलेला. रोझरी संपली. डेल्फाने झगा धरला. समुद्राचं वाक्य तोंडपाठ होतं, पण झगा हातात असताना ते म्हणवेना.

"पिडिंग जहाजावर नाही," ती म्हणाली. "तुरुंगात आहे. कोंबडा चोरला."



"कधीपासून?" नांग तासिंगनी विचारलं.

"मागच्या जत्रेपासून."

"म्हणजे वर्षभर आम्ही गुडघे सोलून घेतले, ते समुद्रासाठी? समुद्राला काय धाड भरलीय?"

कोपऱ्यातल्या नांग बिदाय पंच्याऐंशीच्या होत्या आणि निम्मंच ऐकायच्या. त्यांनी मान वर केली. "बुडाला का तो?"

"नाही, नांग."

"मग? लागू पडली की प्रार्थना."

आधी कुणीतरी नाकातून हसलं, मग सगळ्याच हसू लागल्या. डेल्फाला रडू फुटलं. वर्षभर या लाजेपायी ती कुणाकडे मनातलं असं काही बोललीच नव्हती.

नांग तासिंग मात्र हसल्या नाहीत. त्यांनी झग्याचं दुसरं टोक धरलं. "माझा नवरा हातात जपमाळ घेऊन गेला, असं मी वीस वर्षं सांगतेय," त्या म्हणाल्या. "हातात माडीचा पेला होता. तोही दुसऱ्याचा."

"ते नंतर बोल," नांग बिदाय म्हणाल्या. "भूक लागलीय."

पण नांग तासिंग उठल्या आणि त्यांनी पुतळा उचलून काखेत घेतला. चोराच्या घरात माता कशी ठेवतील? डेल्फा हळूच म्हणाली, "नेताय का तिला?"

"तुरुंगात भेटायला कितीपर्यंत सोडतात?"

"पाचपर्यंत."

"मग ऊठ. घरधनी तिकडे आणि माता इकडे टीव्हीवर बसून काय करणार? रिक्षात मावू आपण, बिदायला मांडीवर घेऊ. जेवण बरोबर घे."

जेवणाला पान्सित होतं, कोंबडी घालून परतलेल्या शेवया. नांग तासिंगनी झाकण उचलून पाहिलं आणि परत ठेवलं.

"कोंबडीचे तुकडे तेवढे वेचून काढ," त्या म्हणाल्या. "उगाच त्याला लाज नको वाटायला."

नाक पुसत डेल्फा वेचायला बसली. वेचलेले तुकडे नांग बिदाय खात होत्या.