दोरी उतरव

मी एक जुने धनुष्य आहे, मित्रांनो, आणि बसलेले आहे. बसलेले म्हणजे खुर्चीवर आरामात बसलेले नव्हे. गादीची स्प्रिंग बसते, गाणाऱ्याचा घसा बसतो, तसा मी बसलो आहे. वाकवले तर वाकतो, पण सोडल्यावर पूर्वीसारखा उसळत नाही. हे कसे झाले ते तुम्हाला सांगायचे आहे. इतकी वर्षे मला ते कोणालाच सांगता आले नाही.

माझा जन्म तुतीच्या एका जाड फांदीतून झाला. ज्यांनी मला घडवले त्यांना सारी गल्ली सरसकाका म्हणायची. सरस म्हणजे जनावराचे कातडे उकळून केलेला चिकट पदार्थ. काकांच्या कारखान्यात तो सदा रटरटत असायचा आणि त्याचा वास काकांच्या आधी कोपऱ्यावर पोहोचायचा. काकांनी माझ्या फांदीला करवत लावली नाही. पाचर ठोकून ती उभी फाडली, म्हणजे लाकडाच्या रेषा तुटत नाहीत. मग मला माळ्यावर टाकले आणि जणू विसरूनच गेले. लाकूड पुरते वाळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, ही त्यांची शिस्त. वाळल्यावर मात्र त्यांनी मला सोडले नाही. थोडे खरवडायचे, वाकवायचे, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते एक डोळा मिटून बघायचे आणि पुन्हा खरवडायचे.

त्यानंतर माझी पाठ घडली. गुराच्या पायामागची जाड शीर वाळवून, लाकडी हातोडीने कुटून काकांनी तिचे बारीक तंतू काढले, कोमट सरसात भिजवले आणि विंचरून माझ्या पाठीवर थरावर थर चिकटवले. विंचरायला त्यांनी फणी घेतली ती अक्काची. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. लग्न दोघांनीही केले नव्हते. घरात ही दोघे, आणि बाकी लाकडे.

"माझी फणी कुठंय रे?" अक्काने आतून विचारले.

"इथंय."

अक्का दारात आली आणि बघतच राहिली. "शी! गुराच्या शिरा विंचरल्यास माझ्या फणीनं?"

"धुऊन देतो."

"धुऊ नकोस. राहू दे तुझ्या त्या लाडक्या लेकराला!"

ते लाडके लेकरू म्हणजे मी. ती फणी पुढे कायम कारखान्यातच राहिली.

तंतू वाळताना आकसले आणि त्यांनी मला मागे खेचले. म्हणून दोरी नसली की मी उलटा वाकतो. बघणाऱ्याला वाटते, काहीतरी चुकले आहे. पण मित्रांनो, तीच माझी झोप. दोरी चढवली की मी जागा, उतरवली की निजलो. काका रोज संध्याकाळी काम आवरताना एकेका धनुष्यावरून हात फिरवत स्वतःशीच पुटपुटायचे, "दोरी उतरव. दोरी उतरव." दमून आलेल्या माणसाने घट्ट जोडे काढावेत, तसे मला वाटायचे.

माझे कामाचे दिवस सुखाचे गेले. काकांनी बाकी सगळी धनुष्ये विकली, मला स्वतःसाठी ठेवले. रोज सकाळी मागच्या अंगणात, पलीकडच्या भिंतीशी ठेवलेल्या पेंढ्याच्या पोत्यावर आम्ही नेम धरायचो. पण अंगणात आमच्या आडवी यायची ती अक्काची कपड्यांची दोरी. तिच्यावर चादरी, टॉवेल, अक्काची लुगडी, काकांचेच सदरे. रोज काका ओरडायचे, "अक्का, दोरी उतरव!" आणि अक्का रोज म्हणायची, "आधी नेसू काय ते सांग, मग उतरवते." असे म्हणत उतरवायचीच.

काका बोलायचे कमी, तेही अर्धेच. "ते आण." "त्याला सांग." कोणते, कोणाला, हे अक्काने ओळखायचे. ओळखायचीही. बाजूच्या बेकरीवाल्याला ती अभिमानाने सांगायची, "त्याचं अर्धं मला पूर्ण कळतं." आणि ते खरे होते. एकदाच काय ते चुकले.

त्या दिवशी सकाळी काकांनी मला दोरी चढवली, दोनचार बाण सोडले आणि छाती धरून खालीच बसले. बेकरीवाला पिठाच्या हातांनीच धावत आला. त्याने आणि अक्काने त्यांना आत खाटेवर निजवले. डॉक्टर येऊन गेले. बाहेर जाताना ते अक्काशी हळू आवाजात बोलले. मग तिला मी दिसलो. अंगणात पडलेल्या मला तिने उचलले, पदराने पुसले आणि खाटेसमोरच्या खुंटीवर, काकांना दिसेन असा, अडकवले. दोरी चढवलेलाच.

संध्याकाळी काकांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिले. ओठ हलले. "अक्का... दोरी उतरव."

"उतरवते रे. आत्ता उतरवते," अक्का म्हणाली आणि अंगणात धावली. दुपारी पुन्हा बांधलेली ती कपड्यांची दोरी तिने ओल्या कपड्यांसकट खेचून काढली. हातात ओला गुंडाळा घेऊन परत आली आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "उतरवली बघ."

काका हसले. डोळे मिटूनच हसले. मग ते पुन्हा काही बोलले नाहीत.

मित्रांनो, मी समोरच होतो. पण मला आवाज एकच, दोरीचा टणत्कार, आणि तोही कोणी ओढली तर.

पुढे घर शांत झाले. लाकडे गेली, हत्यारे गेली, सरसाचे भांडे कोरडे पडले. अक्काने मला मात्र हलू दिले नाही. रोज सकाळी पुसायची. कोणी आले की सांगायची, "जाताना त्यानं जसं सोडलं तसंच ठेवलंय. मी हात लावला नाही हो." लोक म्हणायचे, "वा! काय ऐटीत आहे." मी ऐटीत नव्हतो, मी अवघडलो होतो. माझी पाठ मागे खेचत होती, दोरी पुढे, आणि मधले लाकूड रोज थोडे थोडे हरत होते. उपेक्षा म्हणजे कोपऱ्यात धूळ खात पडणे, असे तुम्हाला वाटत असेल. माझ्यावर धुळीचा कण नव्हता. मायेने पुसत पुसत माझी उपेक्षा चालली होती.

आणि तिने कपड्यांची दोरी पुन्हा कधी बांधली नाही. टॉवेल खुर्चीच्या पाठीवर, चादर दारावर, सारे घर ओलसर. बेकरीवाला एकदा न राहवून म्हणाला, "अक्का, अंगणात एवढं ऊन पडलंय, आणि तुम्ही घरात कपडे वाळवताय?"

"त्याला नको होती ती दोरी," अक्का म्हणाली. "शेवटचं तेवढंच बोलला. तेवढं तरी पाळू दे मला."

मला फार एकटे वाटायचे. एका घरात आम्ही दोघे, एकाच वाक्याने बांधलेले, आणि तिला त्याचा पत्ताही नाही.

मग एका दुपारी दुसऱ्या गावच्या एक बाई आल्या. मैदानावर मुलींना तिरंदाजी शिकवायच्या. पूर्वी काकांकडून धनुष्य घेऊन गेल्या होत्या, त्याची पाठ सुटत आली म्हणून दुरुस्तीला आल्या. काका नाहीत हे ऐकून त्या खुर्चीवर टेकल्या. मग त्यांची नजर माझ्यावर गेली, आणि त्या उठल्याच.

"अहो, हे काय? याची दोरी नाही उतरवली कोणी?"

अक्काच्या हातात ओला टॉवेल होता. "काय म्हणालात?"

"दोरी. काम झालं की दोरी उतरवायची, नाहीतर धनुष्य बसतं. काका निरोप देताना दर वेळी तेवढंच म्हणायचे मला. 'या', 'बसा' काही नाही. आपलं, दोरी उतरव."

अक्का खाटेच्या कडेवर टेकली. बराच वेळ तिने टॉवेलची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"मी कपड्यांची उतरवली हो," ती म्हणाली. "वर त्याला सांगितलं, उतरवली म्हणून. आणि तो हसला."

बाई मला खुंटीवरून काढू लागल्या, तशी अक्का उठली. "तुम्ही नको. मला दाखवा कसं करायचं ते. मला सांगितलं होतं त्यानं."

बाईंनी दाखवले. मला पायात अडकवून वाकवायचे आणि दोरीचा फास खाचेतून सरकवायचा. फास सुटला. मी उलटा वाकायची वाट पाहिली. पण मी सरळसुद्धा झालो नाही. किंचित पुढेच झुकलेला राहिलो.

"बसलंय," बाई हळूच म्हणाल्या. "आता यावरून बाण लांब नाही जायचा."

"बसू दे," अक्का म्हणाली. "मी तरी काय, बसलेच आहे." आणि मग ती रडली, काका गेले तेव्हा रडली नव्हती तशी.

दुसऱ्या दिवशी अंगणात कपड्यांची दोरी पुन्हा बांधली गेली. कितीतरी वर्षांनी टॉवेल उन्हात फडफडताना मी दारातून पाहिले.

मित्रांनो, धनुष्य वापरून झाले की त्याची दोरी उतरवा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरी कोणी अर्धेच बोलत असेल, तर त्याचे सगळे आपल्याला कळते असे समजू नका. जवळ जा आणि 'कुठली?' एवढे एकदा विचारा. त्या संध्याकाळी तेवढ्या एका शब्दाने माझी सुटका झाली असती, आणि अक्काचीही.

आता रोज संध्याकाळी अक्का वाळलेले कपडे काढते, दोरीचा गुंडाळा करते आणि आत येऊन माझ्याशेजारी त्याच खुंटीवर अडकवते. मग रिकाम्या खाटेकडे बघून सांगते, "दोन्ही उतरवल्या रे."

तिला उत्तर द्यावेसे मला फार वाटते. पण माझा आवाज दोरीत होता, आणि दोरी उतरवली आहे.