सर्जेरावांची मान

बीडच्या बसस्टँडसमोर पौर्णिमाचा फोटो स्टुडिओ आहे, आणि गेलेल्या माणसांना कोट चढवण्यात तिचा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नाही. लोक फाटकेतुटके फोटो आणतात. ती चेहरा तेवढा उचलते, डाग पुसते आणि कॉम्प्युटरमधल्या तयार कोटावर बसवते. उभ्या जन्मात धोतर न सोडलेले कितीतरी आजोबा आज भिंतीवर टाय लावून बसलेत. तक्रार कुणाचीच नाही.

चकलांब्याच्या सतीशनं मात्र कमालच केली. त्याचे वडील सर्जेराव तो रांगत असतानाच वारले. ऊसतोडीच्या टोळीतला त्यांचा एकुलता एक फोटो वाळवीनं खाल्ला. उरला होता तो त्याच्या झेरॉक्सचा कुणीतरी मोबाईलवर काढलेला फोटो, आणि तोही व्हॉट्सॲपवर घरोघर फिरून आलेला. गालावर फ्लॅशचा पांढरा गोळा. रविवारी नव्या घराचा गृहप्रवेश होता, आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारची जागा सर्जेरावांसाठी राखली होती.

"नीट करा बरं, ताई," त्याची आई सरूबाई म्हणाली. "आताशा मला बी त्यांचं तोंड आठवंना. तुमी कराल तेच आमच्यासाठी खरं."

हे ऐकून पौर्णिमाला घाम फुटायला हवा होता. कशाचा फुटतो! तिनं नव्या सॉफ्टवेअरचं बटण दाबलं, एका दमात नाक, डोळे, मिशा उगवल्या. वाकडी मान तिनं सरळ केली, निळा कोट चढवला आणि मायलेकांना कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसवलं.

"बाबा लई रुबाबदार होते की," सतीश हरखून म्हणाला.

सरूबाई पडद्याजवळ वाकली. "माणूस चांगलाय," ती म्हणाली. "कुणाचा हाय?"

"आई, आपलेच की."

"आपले कावून? परक्या बाप्याला घरात टांगू का मी?"

पौर्णिमाला आधी रागच आला. मग डोक्यात उजेड पडला. ते नाक, त्या मिशा, सगळं सॉफ्टवेअरनं मनानंच रचलेलं. उद्या सतीशची पोरं ह्यालाच आजोबा म्हणणार होती. आता मात्र तिला खरंच घाम फुटला.

"कसे दिसायचे, काही तरी सांगा," ती म्हणाली.

"तेच तर आठवंना. गोरे नव्हते, एवढं खरं."

पौर्णिमानं केलेलं सगळं मोडलं आणि मूळचा धुरकट चेहरा परत आणला. गालावरचा गोळा हातानंच, शेजारच्या सावलीचा रंग घेत घेत पुसला. डोळ्यांच्या जागी नुसत्या सावल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. चेहरा कोटावर बसवला आणि मान सरळ करायला माऊस उचलला.

"थांबा," सरूबाई म्हणाली. "मान राहू द्या."

पौर्णिमानं माऊस सोडला.

"मोळ्या वाहून वाहून डावीकडं कललीती. झोपेत सुदिक तशीच. मी चिडवायची, मोळी उतरवा आता, घर आलं." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"कोट काढू का मग?" पौर्णिमानं हळूच विचारलं.

"कोट कावून काढता? जित्यापणी कुठं मिळाला त्यांना. असू द्या."

मान कललेली म्हणून कॉलरही जरा तिरकी करावी लागली. पौर्णिमानं चित्र मोठं केलं. सरूबाईचा हात आपसूक मागं गेला, तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि सतीशला कोपरानं ढोसलं.

"बघत काय बसलास? बाप हाय तुझा, पाया पड."

सतीश उठला. पौर्णिमानं घाईघाईनं कीबोर्ड बाजूला सारून त्याला जागा करून दिली.